बिटकॉइन नोड बॅकग्राउंड सर्व्हिस म्हणून कसा चालवायचा? आणि त्यातून पैसे मिळतात का?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण एका जुन्या लॅपटॉपवर उबुंटू टाकून बिटकॉइनचा नोड बसवला आणि तो बॅकग्राउंड सर्व्हिस म्हणून चालू केला. कमांड व्हिडिओत स्क्रीनवर मोठ्या अक्षरात आहेत, त्या तिथून बघून टाईप करा. इथे मी प्रत्येक पायरी का करायची ते सांगणार आहे. कारण कळलं की उद्या व्हर्जन बदललं तरी तुमचं काम अडत नाही. नुसती कमांड पाठ केली, तर पहिल्याच एररला हात टेकावे लागतात.

पण त्याआधी पैशाचं बोलून घेऊ. अर्ध्या लोकांनी हा लेख त्यासाठीच उघडला असेल.

## नोड लावला तर महिन्याला किती मिळतात?

बिटकॉइनच्या बाबतीत उत्तर आहे शून्य रुपये.

बिटकॉइनमध्ये नवीन कॉइन मिळतात ते मायनरला. एप्रिल २०२४ पासून एका ब्लॉकमागे ३.१२५ बिटकॉइन आणि त्या ब्लॉकमधल्या व्यवहारांची फी, असा हा हिशोब आहे. त्यासाठी खास मशीन लागतात आणि प्रचंड वीज लागते. नोड हे वेगळं काम आहे. नोड फक्त तपासतो. मायनरने बनवलेला ब्लॉक नियमात बसतो का, कुणी तेच कॉइन दोनदा खर्च करत नाही ना, ठरल्यापेक्षा जास्त कॉइन तयार केले नाहीत ना, हे तो स्वतः पडताळतो आणि पुढच्या नोडला कळवतो. या कामाचा पगार कुणी देत नाही.

इथेरियमसारख्या काही नेटवर्कमध्ये व्हॅलिडेटरला मोबदला मिळतो हे खरं आहे. पण तिथे आधी किमान ३२ इथर अडकवून ठेवावे लागतात. तो मोबदला अडकवलेल्या भांडवलावर मिळतो, आणि नियम मोडला तर त्यातूनच दंड कापला जातो. तिथेही नुसता साधा नोड चालवणाऱ्याला काही मिळत नाही.

म्हणून कुणी तुम्हाला सांगितलं की "पन्नास हजारांचं नोड पॅकेज घ्या, महिन्याला ठराविक परतावा, वर दोन माणसं जोडली की बोनस", तर त्याला तीन प्रश्न विचारा. सॉफ्टवेअर कोणतं? ते माझ्या मशीनवर चालणार का? परतावा नेमका कुणाच्या खिशातून येणार? बिटकॉइन नोडचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि कुणीही डाउनलोड करू शकतो. फुकट मिळणाऱ्या वस्तूचं पॅकेज विकून वर ठराविक परतावा देतो म्हणणाऱ्या माणसापासून चार हात लांब राहा.

## मग लावायचा कशासाठी?

दुकानदाराच्या भाषेत सांगतो. गिऱ्हाईक यूपीआयने पैसे देतो आणि मोबाईलवरचा हिरवा टिक दाखवतो. खोटा स्क्रीनशॉट बनवणं अवघड नाही, म्हणून आपण काउंटरवर साउंडबॉक्स ठेवतो. पैसे आले की तो बोलतो. गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर विश्वास ठेवायची गरज उरत नाही.

नोड म्हणजे बिटकॉइनचा साउंडबॉक्स, पण एक पायरी पुढचा. साउंडबॉक्स कंपनीच्या सर्व्हरवर विसंबून असतो. तुमचा नोड ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासून आजपर्यंतची सगळी वही स्वतःकडे उतरवून घेतो, नियमांशी ताडून बघतो आणि मग सांगतो की हा व्यवहार खरा आहे. कुठल्याही वेबसाईटला विचारावं लागत नाही. शिवाय कोणता पत्ता तुम्ही तपासताय हे त्या वेबसाईटलाही कळत नाही.

दुसरा फायदा व्यवसायाच्या दृष्टीने मोठा आहे. एखादं काम सर्व्हिस म्हणून चालवायला शिकलात, तर तीच पद्धत बिलिंगच्या सर्व्हरला, बॅकअपला, हॉटेलच्या ऑर्डर सिस्टिमला लागू पडते. नोड हे त्याचं चांगलं ट्रेनिंग आहे, कारण त्याला चोवीस तास चालावं लागतं आणि ढिसाळपणा तो लगेच दाखवून देतो.

## बॅकग्राउंड सर्व्हिस म्हणजे काय?

टर्मिनल उघडून नोड सुरू केलात आणि खिडकी बंद केली, तर बहुतेक वेळा नोडही बंद पडतो. लाईट गेली, मशीन पुन्हा सुरू झालं, तरी कुणीतरी येऊन लॉगिन करून कमांड द्यावी लागते. मालक गल्ल्यावर असेल तरच चालणाऱ्या दुकानासारखं हे झालं.

सर्व्हिस म्हणजे कामाला ठेवलेला माणूस. उबुंटू आणि डेबियनमध्ये या माणसांवर देखरेख करणारा मुकादम असतो, त्याचं नाव सिस्टिमडी. कोणाला कधी कामावर लावायचं, कोण आजारी पडला तर परत उभा करायचा, सुट्टी देताना किती वेळ द्यायचा, हे सगळं एका छोट्या फाईलमध्ये लिहून आपण मुकादमाला देतो. त्या फाईलला सर्व्हिस फाईल म्हणतात.

## आधी सामानाची यादी

डिस्क. बिटकॉइनची पूर्ण वही आज ६०० जीबीच्या वर गेली आहे आणि वाढतेच आहे. पूर्ण ठेवायची असेल तर किमान १ टीबी एसएसडी घ्या, आणि नवीनच घेणार असाल तर २ टीबी. जुनी फिरती हार्ड डिस्क वापरू नका. तपासणीत लाखो छोट्या नोंदी वाचाव्या लागतात, तिथे ती रडते.

कमी जागा असेल तर प्रूनिंग. नोड सगळी वही तपासतो, पण तपासून झालेली जुनी पानं टाकून देतो. सेटिंगमध्ये कमीत कमी ५५० एमबी लिहिता येतं. मी १०,००० एमबी, म्हणजे साधारण १० जीबी ठेवायला सांगतो. न वापरलेल्या कॉइनची यादी वेगळी असते आणि ती १० जीबीहून जास्त जागा घेते. सगळं धरून ४० जीबी रिकामी ठेवा. तपासणीत काही तडजोड होत नाही, मात्र जुनी पानं दुसऱ्यांना देता येत नाहीत आणि जुन्या वॉलेटचा इतिहास मागे जाऊन शोधता येत नाही. डाउनलोड मात्र पूर्णच होतं, हे लक्षात ठेवा.

रॅम. ४ जीबीवर चालतं, ८ जीबी असेल तर सुखाचं.

इंटरनेट. पहिल्यांदा ६०० जीबीच्या वर डाउनलोड, नंतर महिन्याला साधारण २० जीबी. बाहेरून येणारी कनेक्शन उघडी ठेवली तर अपलोड महिन्याला २०० जीबी किंवा जास्तही होऊ शकतो. तुमच्या प्लॅनची एफयूपी मर्यादा आधी बघा. मोबाईल हॉटस्पॉटवर हे करू नका.

वीज. १५ वॉट खाणारा लॅपटॉप किंवा मिनी पीसी चोवीस तास चालवला तर महिन्याला १०.८ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर १०८ रुपये. हेच ८० वॉटच्या जुन्या डेस्कटॉपवर ५७.६ युनिट, म्हणजे ५७६ रुपये. दुकानाचा व्यावसायिक दर वेगळा असतो, बिल काढून स्वतःचा आकडा टाका. उत्पन्न शून्य असलेल्या कामाचा खर्च आधी कागदावर यायला हवा.

## सेटअप: सात पायऱ्या

१. सॉफ्टवेअर खऱ्या ठिकाणाहून घ्या. सॉफ्टवेअरचं नाव बिटकॉइन कोअर. त्याच्या अधिकृत साईटवरूनच डाउनलोड करा. टेलिग्रामवर आलेली फाईल नको.

२. हॅश आणि सही तपासा. ही पायरी लोक सर्रास गाळतात. हॅश म्हणजे वजन करून बघणं, वाटेत फाईल बदलली नाही ना ते कळतं. सही म्हणजे सोन्यावरचा हॉलमार्क, ही फाईल डेव्हलपर मंडळींनीच तयार केली आहे याचा पुरावा. दोन्ही करा. पाच मिनिटांचं काम आहे.

३. वेगळा युझर बनवा. नोडसाठी 'बिटकॉइन' नावाचा स्वतंत्र युझर करा, त्याला लॉगिन नको, अॅडमिनचे अधिकार नकोत. गल्ल्यावर नवीन मुलगा ठेवला म्हणून आपण त्याला घराच्या चाव्या देत नाही. उद्या नोडमध्ये एखादी त्रुटी निघाली, तर नुकसान त्या एका युझरच्या फोल्डरपुरतं राहील.

४. डेटाची जागा ठरवा. सर्व्हिससाठी प्रचलित जागा म्हणजे व्हार फोल्डरमधल्या लिबमध्ये बिटकॉइनडी नावाचं फोल्डर. त्याची मालकी वरच्या युझरला द्या. एसएसडी वेगळी असेल तर ती मशीन सुरू होताना आपोआप जोडली जाईल अशी नोंद करा, नाहीतर रिस्टार्टनंतर नोडला वहीच सापडणार नाही.

५. कॉन्फिग फाईल लिहा. चारच ओळी पुरे: सर्व्हर चालू, प्रूनिंगचा आकडा, कॅशसाठी रॅम, आणि दिवसाच्या अपलोडची मर्यादा. कॅश बऱ्याच व्हर्जनमध्ये मूळ सेटिंगला ४५० एमबी असायची. ८ जीबी रॅम असेल तर पहिल्या डाउनलोडपुरती ती ३,००० करा, वेग चांगलाच वाढतो. काम झालं की परत कमी करा.

६. सर्व्हिस फाईल ठेवा. बिटकॉइन कोअरच्या सोर्स कोडमध्ये तयार नमुना फाईल मिळते. ती वापरा, फक्त प्रोग्रॅम तुमच्याकडे जिथे ठेवलाय तो पत्ता जुळवून घ्या. तिच्यातल्या महत्त्वाच्या ओळी खाली समजावतो.

७. रिलोड, एनेबल, स्टार्ट. रिलोड म्हणजे मुकादमाला नवीन कागद वाचायला लावणं. स्टार्ट म्हणजे आत्ता कामाला लाव. एनेबल म्हणजे दर वेळी मशीन सुरू झालं की याला कामाला लाव. बरेच जण नुसतं स्टार्ट करतात, सगळं छान चालतं, आणि पहिल्या लोडशेडिंगनंतर नोड गायब होतो. एनेबल केलेलंच नसतं.

## सर्व्हिस फाईलमधल्या पाच ओळी

नेटवर्क आल्यावर सुरू हो. मशीन सुरू होताना वाय-फाय किंवा लॅन यायला वेळ लागतो. त्याआधी नोड उठवून उपयोग नाही.

युझर आणि ग्रुप. आपण बनवलेला 'बिटकॉइन' युझर इथे लिहिलेला असतो. ही ओळ गाळली तर नोड थेट रूटच्या अधिकारात चालेल. असं कधीही करू नका.

बिघाड झाला तरच रिस्टार्ट. नोड कोसळला तर मुकादम त्याला परत उठवतो. तुम्ही स्वतः स्टॉप दिला तर मात्र उठवत नाही. 'नेहमी रिस्टार्ट' असं लिहायचा मोह होतो, पण तुम्ही नोडच्या स्वतःच्या कमांडने तो बंद केलात तरी मुकादम त्याला पुन्हा उभा करेल.

थांबायला ६०० सेकंद. माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची ओळ. नोड वेगासाठी बराच हिशोब रॅममध्ये ठेवतो. बंद करा म्हटलं की तो रॅममधला हिशोब डिस्कवर उतरवतो आणि मग थांबतो. कॅश मोठी असेल तर यात काही मिनिटं जातात. मुकादमाची सर्वसाधारण सहनशक्ती ९० सेकंदांची असते. तेवढ्यात थांबला नाही तर तो धक्का मारून बाहेर काढतो. रात्री दुकान बंद करताना गल्ला मोजत असलेल्या माणसाला मधेच ओढून बाहेर काढल्यासारखं होतं. वही अर्धवट राहते, आणि वाईट वेळ आली तर सगळी पुन्हा तपासावी लागते. त्यात कित्येक दिवस जातात. म्हणून दहा मिनिटं द्या.

संरक्षणाच्या ओळी. सिस्टिमच्या फोल्डरमध्ये लिहायला मनाई, होम फोल्डर दिसणार नाही, नवीन अधिकार मिळवता येणार नाहीत. नमुना फाईलमध्ये त्या असतात. "चालत नाहीये" म्हणून त्या उडवू नका. बहुतेक वेळा अडचण एवढीच असते की डेटा तुम्ही होम फोल्डरमध्ये ठेवलेला असतो.

## लाईट आणि झाकण

६०० सेकंद फाईलमध्ये लिहिले, पण लाईट गेली तर ते सेकंद द्यायला वीजच नसते. म्हणून डेस्कटॉप असेल तर यूपीएस घ्या, आणि राउटरही त्यावर लावा. शिवाय बायोसमध्ये 'वीज परत आल्यावर आपोआप सुरू हो' हे सेटिंग चालू करा. सर्व्हिस एनेबल आहे पण मशीनच बंद पडलंय, असं होता कामा नये.

लॅपटॉपला बॅटरी असते, हा त्याचा फायदा. पण झाकण लावलं की तो झोपतो. उबुंटूच्या लॉगिन सेटिंगमध्ये झाकणाची कृती 'दुर्लक्ष कर' अशी करून ठेवा. बॅटरी फुगलेली असेल तर तो लॅपटॉप चोवीस तास चार्जिंगला लावू नका.

## नोड खरंच चालतोय का? चार चाचण्या

१. स्टेटस बघा. हिरव्या अक्षरात अॅक्टिव्ह दिसलं म्हणजे प्रोग्रॅम चालू आहे. तेवढ्यावर समाधान मानू नका, पुढचं बघा.

२. किती वही झाली ते विचारा. नोडला ब्लॉकचेनची माहिती विचारणारी कमांड आहे. त्यात 'ब्लॉक्स' आणि 'हेडर्स' हे दोन आकडे सारखे झाले आणि सुरुवातीचं डाउनलोड चालू असल्याचा शेरा 'फॉल्स' झाला, की नोड तयार. मशीन आणि नेटप्रमाणे याला एका दिवसापासून आठवड्यापर्यंत वेळ लागतो. इथे एक एरर हमखास येते, लॉगिनची कुकी सापडली नाही म्हणून. कारण कमांड तुमच्या होम फोल्डरमध्ये शोधते आणि डेटा आहे दुसरीकडे. कमांड 'बिटकॉइन' युझर म्हणून चालवा आणि डेटाचा पत्ता सोबत द्या.

३. मशीन रिस्टार्ट करा आणि हात लावू नका. पाच मिनिटांनी स्टेटस बघा. लॉगिन न करता नोड उठला असेल तर एनेबल नीट झालंय.

४. नोड जबरदस्तीने बंद करा. तो परत उठतो का बघा. ही चाचणी पहिल्याच दिवशी, डेटा थोडा असताना करा.

अडचण आली तर अंदाज बांधण्याआधी लॉग वाचा. डिस्क भरली, परवानगी नाही, पोर्ट आधीच वापरात आहे, अशी कारणं तिथे सरळ लिहिलेली असतात.

## दोन पोर्ट आणि एक वॉलेट

८३३३ हा पोर्ट इतर नोडशी बोलण्यासाठी. तो राउटरवर उघडलात तर नेटवर्कला मदत होते. नाही उघडलात तरी तुमची तपासणी पूर्ण होते, कारण नोड स्वतःहून साधारण दहा कनेक्शन बाहेर करतो.

८३३२ हा पोर्ट नोडला हुकूम देण्यासाठी. तो कधीही इंटरनेटवर उघडू नका. दुकानाचं शटर आणि तिजोरी यांत जो फरक, तोच या दोन पोर्टमध्ये.

आणि या मशीनवर मोठ्या रकमेचं वॉलेट ठेवू नका. चोवीस तास इंटरनेटला जोडलेलं मशीन तपासणीसाठी ठीक, तिजोरी म्हणून नाही. नोड चालवायला वॉलेट लागतच नाही.

## कायदा आणि कर, थोडक्यात

भारतात बिटकॉइन चलन म्हणून मान्य नाही. तो आभासी डिजिटल मालमत्तेत मोडतो. १ एप्रिल २०२२ पासून त्यावरच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, सरचार्ज आणि सेस वेगळे. त्यातून फक्त खरेदीची किंमत वजा होते. नोडची वीज, इंटरनेट, लॅपटॉप, काही नाही. तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर ठराविक मर्यादेपुढे १ टक्का टीडीएस आहे.

स्वतःच्या तपासणीसाठी नोड चालवणं वेगळं. पण लोकांचे कॉइन सांभाळणं किंवा बदलून देणं हा धंदा करायचा असेल, तर ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेनुसार तो मनी लाँडरिंग कायद्याच्या कक्षेत येतो आणि एफआययू-इंडियाकडे नोंदणी लागते. "गावात चार जणांना घेऊन देतो" हा जोडधंदा वाटतो तितका साधा नाही. आधी सीएला विचारा.

## कुणी लावावा, कुणी नाही

तुमच्याकडे जुना लॅपटॉप पडून आहे, लिनक्स शिकायचंय, किंवा थोडे बिटकॉइन आहेत आणि ते स्वतः पडताळायचेत, तर जरूर लावा. कर्ज काढून, नवीन मशीन घेऊन, कमाई होईल म्हणून लावणार असाल, तर तो पैसा तुमच्या मालात घाला.

या सेटअपमधून शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे तुम्ही समोर नसतानाही नीट चालेल अशी व्यवस्था लावणं. काम कुणाचं, अधिकार किती, बिघाड झाला तर काय, थांबायला वेळ किती, आणि चालू आहे की नाही हे कळणार कसं, एवढ्या पाच प्रश्नांची उत्तरं आपण त्या छोट्या फाईलमध्ये आणि चार चाचण्यांमध्ये दिली. तुमच्या दुकानातल्या एखाद्या कामासाठी हेच पाच प्रश्न आज कागदावर लिहून बघा.

पुढच्या व्हिडिओत याच पद्धतीने दुकानाच्या बिलिंग डेटाचा रोज रात्री आपोआप बॅकअप घेणारी सर्व्हिस लावू. तोपर्यंत नोडचं डाउनलोड सुरू करून ठेवा, आणि मशीन रिस्टार्ट करून बघायची चाचणी विसरू नका.